लखोट्यावरचे जबलपूर

माझ्या एका गोंड मित्राने मला विचारलेला प्रश्न साधा होता. आम्ही दोघे जबलपूरच्या मालगोदाम चौकात उभे होतो. 18 सप्टेंबरचा दिवस. राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह यांच्या पुतळ्यांना हार घालायला मंडला, डिंडोरी, सिवनीकडून माणसे आली होती. पिवळे फेटे, ढोल, भाषणे. मित्राला ठाऊक होते की माझ्या घरी सत्तावनच्या मराठी पुस्तकांचे एक अख्खे कपाट आहे. तो म्हणाला, "तुमच्या त्या पुस्तकांत आमचे राजेसाहेब आहेत का?" मी म्हटले, "बघावे लागेल." तो हसला आणि म्हणाला, "मग खुरई आहे का, तेही बघा."

घरी आलो आणि कपाट उघडले. हा लेख त्या शोधातून झाला आहे. शोध इतिहासाचा नव्हे, चरित्रांचा. आपण मराठीत सत्तावनच्या माणसांची आयुष्ये कशी लिहिली, कोणाची लिहिली, आणि कोणाच्या आयुष्याला आपल्या चरित्राच्या साच्यात जागा झाली नाही, हा प्रश्न मला वाङ्मयाचा वाटतो.

आधी घडले काय ते सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ते माहीत असेलच असे नाही. 1857 साली जबलपूर हे सागर-नर्मदा मुलखाच्या कमिशनरचे ठाणे होते. मेजर अर्स्किन हा कमिशनर. छावणीत बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीची 52 वी पलटण. शहराला लागून असलेल्या पुरव्यात गढा-मंडल्याच्या जुन्या गोंड राजघराण्याचे वारस शंकर शाह आपल्या मुलासह राहत. राज्य केव्हाच गेलेले, थोडी गावे आणि पेन्शन उरलेली. पलटणीतल्या काही शिपायांचे पुरव्याला येणे-जाणे सुरू झाले. डेप्युटी कमिशनर क्लार्क याला संशय आला. त्याने एका चपराशाला फकिराचा वेश देऊन पुरव्याला पाठवले. फकिराने मन मोकळे करून घेतले आणि सगळे साहेबाला सांगितले. 14 सप्टेंबरला वाड्यावर छापा पडला. झडतीत एका रेशमी बटव्यात कागद सापडला. कागद सरकारी जाहीरनाम्याचा आणि त्याच्या पाठीवर शंकर शाहांच्या हातची कविता. देवीची प्रार्थना. अधिकाऱ्यांच्या आयोगापुढे खटला चालला तो उणेपुरे तीनचार दिवस. 18 सप्टेंबरला बाप आणि मुलगा, दोघांना लोकांसमोर तोफांच्या तोंडी बांधून उडवले. त्याच रात्री 52 वी पलटण छावणी सोडून निघून गेली. पाटणच्या तुकडीबरोबर असलेला लेफ्टनंट मॅकग्रेगर त्यांच्या हाती सापडला आणि पुढे मारला गेला. कटंगीजवळ कामठीहून आलेल्या मद्रासी फौजेशी त्यांची गाठ पडली.

एवढी हकीकत. यात राजा आहे, राजपुत्र आहे, गुप्तहेर आहे, कविता आहे, विश्वासघात आहे, वीरमरण आहे. चरित्रकाराला आणखी काय हवे? तरी मराठीतल्या सत्तावनच्या कथनात जबलपूर येते ते वेगळ्याच वाटेने.

ती वाट झाशीहून येते. जून 1857 मध्ये झाशीत इंग्रजांची कत्तल झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी 12 आणि 14 जून अशी दोन पत्रे पाठवली, ती जबलपूरच्या याच मेजर अर्स्किनला. शिपायांनी काय केले, आपल्यावर कशी जबरदस्ती झाली, मुलखात कशी अंदाधुंदी माजली आहे, हे त्यांत आहे. 2 जुलैच्या उत्तरात अर्स्किनने कळवले की सरकारचा नवा अंमलदार येईपर्यंत राणीने इंग्रजांच्या वतीने झाशीचा कारभार पाहावा. राणी कत्तलीत सामील होती का, तिने लढाई स्वखुशीने पत्करली की तिच्यावर ती लादली गेली, या सगळ्या वादात ही पत्रे पुराव्याच्या जागी उभी राहतात. म्हणजे आपल्या सर्वांत लाडक्या चरित्रनायिकेच्या गोष्टीत जबलपूर आहे. पण आहे ते लखोट्यावरचा पत्ता म्हणून. पत्र तिथे जाते, तिथून उत्तर येते. ज्या कमिशनरच्या मेजावर ते पत्र उघडले गेले, त्याच्याच हुकमतीत तीन महिन्यांत एका वृद्ध कवीला तोफेला बांधले गेले, हे आपल्याला दिसत नाही. आपण पाकीट वाचतो आणि खिडकीबाहेर बघत नाही.

असे का झाले असावे? याचे पहिले उत्तर चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या घडणीतच आहे, असे मला वाटते.

दत्तात्रेय बळवंत पारसनिसांचे राणीचे चरित्र 1894 साली प्रसिद्ध झाले. मराठीत सत्तावनच्या एखाद्या व्यक्तीचे आयुष्य पुस्तकभर, साधार आणि जाहीरपणे मांडण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न. ज्यांनी पाहिले-भोगले ती माणसे तेव्हा हयात होती. दत्तकपुत्र दामोदरराव इंदुरात पेन्शनीवर दिवस काढत होते. अशा काळात हा तरुण लेखक राणीच्या नावावरचा डाग धुवायला बसला. त्याची पद्धत वकिलाची आहे. आरोप काय, पुरावा काय, साक्षीदार कोण. मार्टिन नावाच्या इंग्रजाने दामोदररावांना लिहिलेले, राणीला निर्दोष ठरवणारे पत्र त्याने छापले. शत्रूच्याच तोंडून आपल्या नायिकेची सुटका करून घ्यायची, ही त्याची युक्ती. ब्रिटिश अमलाखाली लिहिणाऱ्या माणसाला दुसरी सोय तरी कोणती होती? पारसनिसांचे धैर्य आज कमी लेखू नये. राजद्रोहाच्या कलमाखालून वाकून जात त्यांनी एका बंडखोर स्त्रीला आदर मिळवून दिला.

पण या वकिली पद्धतीची एक अट असते. आरोपीकडे कागद हवेत. खलिते, करारनामे, मुखत्यारपत्रे, साहेबांची प्रशस्तिपत्रे. लक्ष्मीबाईंकडे ते होते, कारण झाशी 1854 पर्यंत चालते संस्थान होते. तिथे दफ्तर होते, फडणिशी होती, वकील होते. खालसा झाल्याविरुद्ध त्यांनी अर्जामागून अर्ज केले, तेही नोंदले गेले. शंकर शाहांकडे यातले काय होते? त्यांच्या हातचा म्हणून जगाला माहीत असलेला कागद एकच, आणि तो फिर्यादी पक्षाने जप्त केलेला. त्या कागदावर कारभार नाही, प्रार्थना आहे. पारसनिशी साच्यात ही व्यक्ती बसतच नाही. त्यांना निर्दोष ठरवायचे तर कविता निरुपद्रवी होती असे म्हणावे लागेल. थोर ठरवायचे तर ती कविता घातक होती असे म्हणावे लागेल. वकील इथे अडतो.

म्हणून मला वाटते की इथे समीक्षकाने पुढे यावे. आणि गंमत अशी की या कवितेचे पहिले टीकाकार स्वतः इंग्रज अधिकारीच होते. त्यांनी तिचे भाषांतर केले, तिचा अर्थ लावला, कवीचा हेतू ठरवला आणि त्या अर्थनिर्णयावर फाशीहून भयंकर शिक्षा दिली. इंग्रजी इतिहासग्रंथांत ही कविता भाषांतरासह पुरावा म्हणून पोचली. एका कवितेच्या वाचनाला इतकी किंमत आपल्या भागात क्वचितच मोजावी लागली असेल.

त्यांचे वाचन चुकीचे होते का? मी ती कविता अनेकदा वाचली आहे. ब्रज-बुंदेलीच्या वळणाची, देवीच्या कवित्ताच्या घाटाची ती रचना आहे. अनुप्रास ठासून भरलेला, क्रियापदे आज्ञार्थी, शेवटाकडे कवीच्या नावाची मुद्रा. कालीने दुष्टांना तुडवावे, चहाडखोरांना चावून खावे, शंकरचे रक्षण करावे. असे मागणे मध्य भारतातल्या देवीभक्तीत नवे नाही. नवरात्रात गावोगाव म्हटल्या जाणाऱ्या रचनांत शत्रुसंहाराची याचना असतेच. एवढेच असते तर बचावाच्या वकिलाला बाजू होती. पण या कवितेत शत्रूचे नाव आहे. इंग्रज हा शब्द स्पष्ट आहे. आणि पुढे असेही मागणे आहे की वैऱ्यांची पोरेबाळेही उरू नयेत. त्यावर पांघरूण घालता येणार नाही. झाशी आणि कानपुरात बायकामुलांचे काय झाले हे ठाऊक असलेल्या अधिकाऱ्यांनी ती ओळ कशी वाचली असेल, याची कल्पना करता येते.

दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. ही परंपरेतली प्रार्थना आहे आणि हा खराखुरा क्रोध आहे. ज्याच्या हाती फौज नाही, खजिना नाही, किल्ला नाही, त्याने शत्रूच्याच जाहीरनाम्याची कोरी पाठ घेतली आणि देवीला हुकूम सोडले. कागदाच्या एका अंगाला सरकारची आज्ञा, दुसऱ्या अंगाला कालीला केलेली. चहाडखोरांचा नाश माग म्हणणारी ओळ लिहिणारा माणूस एका चहाडखोरामुळेच पकडला गेला, हेही आहे. शंकर शाहांचे चरित्र लिहायचे तर ते या कागदाच्या दोन्ही बाजू वाचत लिहावे लागेल. निर्मळ हुतात्म्याचे चित्र काढायचे असेल तर ती एक ओळ गाळावी लागते, आणि ओळ गाळली की माणूसही गळतो.

कपाटातले दुसरे पुस्तक मला इथे जास्त उपयोगी वाटते. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, मथुरेला बायजाबाई शिंद्यांचा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. परत आला तो कमाई लुटली जाऊन, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र घेऊन. पंचवीस वर्षांनी, 1883च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने सगळे लिहून काढले. वैद्यांनी ते छापले 1907 मध्ये, भटजींच्या मागे, आपल्या हाताने संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली आणली. तेव्हा कुठे मराठी वाचकाला भटजींचा स्वतःचा आवाज मिळाला.

भटजी चरित्रकार नाहीत. त्यांना कोणावरचा डाग धुवायचा नाही, कोणाचा झेंडा फडकवायचा नाही. त्यांना भूक लागते, भीती वाटते, दक्षिणेचा हिशेब त्यांच्या डोक्यातून जात नाही. राणी त्यांना दिसते ती धर्मकृत्ये करणारी यजमानीण म्हणून, घोड्यावरची म्हणून आणि पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानलेली बाई म्हणूनही. पारसनिसांच्या राणीला मी मान देतो. भटजींची राणी मला दिसते. बंडात राजेरजवाड्यांशिवाय इतरांचेही काही झाले, हे मराठीत ठळकपणे सांगणारा पहिला माणूस हाच. शिपाई लुटतात आणि गोरेही लुटतात, हे तो सारख्याच हताशपणे सांगतो.

हे पुस्तक मराठीबाहेर गेले, हेही महत्त्वाचे. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत आणले, अलीकडे इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. नागरांनी त्यापुढचे पाऊल टाकले. 1957 साली, शताब्दीच्या वेळी, ते अवधच्या गावोगाव फिरले आणि लोकांच्या तोंडी राहिलेले सत्तावन गोळा करून 'ग़दर के फूल' लिहिले. महाश्वेता देवी त्याच सुमारास झाशी-ग्वाल्हेरकडे जाऊन लोकांची गाणी आणि आठवणी ऐकत होत्या; 1956 चे 'झाँसीर रानी' हे त्यांचे पहिले पुस्तक त्यातून झाले. वृंदावनलाल वर्मांनी झाशीच्या राणीवर 1946 साली कादंबरी लिहिली आणि पुढे आमच्या बाजूच्या रामगढच्या राणी अवंतीबाईंवरही लिहिली. हिंदी आणि बंगालीतले लेखक दफ्तरातून उठून चौकात गेले. भटजी चौकातच होते. आपण मराठीत मात्र भटजींना साक्षीदार म्हणून वापरले, त्यांची रीत पुढे चालवली नाही.

जबलपूरही या बाबतीत निर्दोष नाही. सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहिल्या, स्वातंत्र्यलढ्यात इथूनच तुरुंगात गेल्या. महापालिकेच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. त्यांची झाशीच्या राणीवरची कविता उत्तर भारतातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते. बुंदेलखंडातल्या हरबोल्यांच्या तोंडून ही कहाणी ऐकली, असे ती कविता पुन्हा पुन्हा सांगते. म्हणजे तिनेही श्रेय चौकालाच दिले आहे. तिच्यात सत्तावनच्या वीरांची एक यादी येते. नाना, तात्या, अझीमुल्ला, अहमदशाह मौलवी, कुंवरसिंह. त्या यादीत शंकर शाह नाहीत. कवयित्रीचे घर आणि ती तोफ यांच्यातले अंतर टांग्याने जाण्याइतके. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. एकदा यादी ठरली की आपल्याच गल्लीतला माणूस तिच्याबाहेर कसा राहतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही.

आता मित्राचा दुसरा प्रश्न. खुरई.

इथे मराठी वाचकाला जरा सावरून बसावे लागेल. सत्तावनची आपली चरित्रे सहसा एका अन्यायापासून सुरू होतात. नानासाहेबांचे पेन्शन बंद झाले. दत्तक नामंजूर होऊन 1854 मध्ये झाशी गेली, त्याच वर्षी नागपूर गेले. राज्य जाण्याचे दुःख या पुस्तकांत फार मनापासून लिहिलेले आहे. पण पुरव्याच्या राजाचे राज्य कोणी घेतले? इंग्रजांनी नव्हे. 1742 साली बाळाजी बाजीराव पेशव्यांनी मंडल्यावर चाल केली. राजा महाराज शाह लढाईत पडला आणि त्याच्या वारसावर चार लाखांची चौथ बसली. 1781 साली सागरच्या मराठी सुभ्याने गढा-मंडल्याचे राज्यच बुडवले. शेवटचा राजा नरहरी शाह खुरईच्या किल्ल्यात कैदेत राहिला आणि 1789 मध्ये तिथेच वारला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर 1817 मध्ये भोसल्यांकडून इंग्रजांकडे. 1667 सालच्या रामनगरच्या शिलालेखात ज्या घराण्याची लांबलचक वंशावळ कोरली आहे, ज्या घराण्याची राणी दुर्गावती 1564 मध्ये अकबराच्या सरदाराशी लढताना पडली, त्या घराण्याला पेन्शनर करण्याचे काम आपण केले. इंग्रजांनी फक्त पेन्शन चालू ठेवले.

मला वाटते शंकर शाह आपल्या कपाटात नसण्याचे खरे कारण हे असावे. कागद कमी म्हणून नव्हे. त्यांना आत घ्यायचे तर पहिल्याच प्रकरणात आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. ज्या शब्दांत आपण डलहौसीला बोलतो ते शब्द सागरच्या सुभेदाराला लावावे लागतात. स्वराज्य हा शब्द तेव्हा सैल होतो. कोणाचे स्वराज्य, कुठवर?

याच्या उलट बाजूचाही एक प्रसंग आहे आणि तोही आपण फारसा सांगत नाही. 1818 मध्ये पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांना कैद करून अलाहाबादेकडे नेत असताना ते जबलपूरच्या परिसरात शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटले. गेले कुठे? महादेवाच्या डोंगरात, गोंडांच्या आश्रयाला. ज्यांचे राज्य आपण बुडवले त्या समाजातल्या राजांनी आपल्या पळत्या राजाला लपवले. चाळीस वर्षांनी, ऑक्टोबर 1858 मध्ये, येवल्याचा तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरपट्ट्याच्या बाजूने बैतूल-मुलताईकडे उतरला. नागपूर काही उठले नाही आणि तात्याला पश्चिमेकडे वळावे लागले. तात्याच्या चरित्रांत हा नर्मदापार प्रवास फार थरारक रंगवलेला असतो. त्या जंगलातून त्याला वाट कोणी दाखवली असेल, धान्य कोणी दिले असेल, तिथल्या माणसांच्या मनात मराठा सरदार म्हटल्यावर काय आले असेल, हे प्रश्न मात्र घोड्याच्या धुळीत मागे राहतात.

या साऱ्याला नाव काय द्यायचे, यावर आपण शंभर वर्षे भांडलो. बंड, उठाव, शिपाईगर्दी. सावरकरांनी स्वातंत्र्यसमर म्हटले आणि 1909 च्या त्या ग्रंथावर बंदी आली. 1957 मध्ये सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांनी दोन वेगळी उत्तरे दिली. मला जबलपूरपुरता आपला जुना शब्द जवळचा वाटतो, यादवी. राजाला पकडून देणारा चपराशी इथलाच. पुरव्याला येणारे शिपाई उत्तरेचे. त्यांचा कटंगीला पाडाव करणारे शिपाई मद्रासचे, आले नागपूरजवळच्या कामठीहून. हुकूम देणारे मूठभर गोरे, बाकी सगळे आपसातले. यादवी म्हटल्याने शंकर शाहांचे मरण लहान होत नाही. ते कोणाकोणाच्या हातून झाले हे मात्र कळते.

आपल्या सत्तावननंतर चारच वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली. विष्णुभट वरसईत प्रवास लिहीत होते त्याच दशकात तिकडे जनरल ग्रँटच्या आठवणी छापल्या जात होत्या. तिकडे जिंकलेल्यांनी लिहिले, हरलेल्यांनीही लिहिले, आणि दोघांच्या पुस्तकांतून वाद चालू राहिला. इकडे हरलेले तोफेच्या तोंडी गेले किंवा नेपाळच्या तराईत नाहीसे झाले. तात्या टोप्यांच्या नावावर उरला तो फाशीपूर्वीचा एक जबाब. शंकर शाहांच्या नावावर एक प्रार्थना. म्हणून आपल्याकडे हरलेल्यांची चरित्रे नेहमी दुसऱ्याने, पुष्कळ उशिरा आणि काहीतरी सिद्ध करायला लिहिली आहेत. सध्या पारडे दुसरीकडे झुकले आहे. छिंदवाड्याच्या विद्यापीठाला शंकर शाहांचे नाव मिळाले, 2024 मध्ये जबलपुरात पितापुत्रांच्या नावाचे संग्रहालय सुरू झाले. चांगलेच झाले. पण संग्रहालयाला सोयीची असते ती भिंतीवर मावणारी गोष्ट. चहाडखोर, पोरेबाळे, खुरई, कामठी हे सगळे मावेल ते पुस्तकात.

असे पुस्तक मराठीत कोणी लिहील का? मला वाटते लिहिता येईल, आणि मराठीतच ते लिहायला हवे, कारण खुरईचा हिशेब आपल्याकडे आहे. जन्मापासून मरणापर्यंतच्या चरित्राचा हट्ट सोडावा. 14 ते 18 सप्टेंबर, पाच दिवस पुरेत. त्यात जाहीरनाम्याचा कागद असावा, फकिराचा वेश असावा, पावसाळा सरतानाचा नर्मदेकाठचा उकाडा असावा. अर्स्किनच्या मेजावरचा झाशीचा लखोटाही असावा. निवेदन भटजींच्या रीतीने, भूक आणि भीती लपवल्याशिवाय. राजाने कविता म्हणत प्राण सोडला, अर्धी त्याने म्हटली आणि अर्धी मुलाने, असे शहरात सांगतात. ते खरे का, हे विचारण्यापेक्षा ते कोण सांगते, कोणाला सांगते, हे लिहावे.

माझे आजोबा जबलपूरला आले ते तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला. 1904 सालचा तो कारखाना अजून चालू आहे. घरात आम्ही त्यांच्या हातच्या कौशल्याच्या गोष्टी ऐकल्या, गणपतीत सत्तावनचे पोवाडे ऐकले, पण ज्या शहरात आजोबांनी तोफेच्या गाड्याला आकार दिला त्या शहरात तोफेला कोण बांधले गेले होते, हे मला वयाच्या पंधराव्या वर्षी एका हिंदी मास्तरांनी सांगितले. आमच्या घरात कोणी ते लपवले नव्हते. कोणाला माहीतच नव्हते. ही गोष्ट आपली आहे, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

मित्राला उत्तर द्यायला मी आठवड्याने गेलो. म्हटले, "राजेसाहेब नाहीत. खुरईही नाही." त्याला नवल वाटले नाही. त्याने माझ्याकडून भटजींचे पुस्तक मागून नेले, नागरांच्या हिंदीतले. महिन्याने परत केले तेव्हा म्हणाला, "हा म्हातारा बरा आहे. भीती वाटली तर वाटली म्हणतो." मग त्याने विचारले, "याच्यासारखे लिहिणारे तुमच्यात अजून कोणी आहे?"

मी पुस्तक परत कपाटात ठेवले आहे, पारसनिसांच्या शेजारी. पारसनिसांच्या माझ्या प्रतीत, सुरुवातीच्या पानाच्या समासात, पेन्सिलीने एक शब्द आणि एक साल लिहून ठेवले आहे. खुरई, 1789.